टायरोसिनवरचा पिवळा डाग

माझ्या बायकोच्या प्रबंधातील चौथ्या प्रकरणात एक तक्ता होता. त्यात तारखांचा रकाना नव्हता. पुढे जे घडले ते या रकान्यावरून घडले.

ती नागपूरच्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी तिने नोंदणी केली तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. विषय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा होता आणि तो निवडण्याचे कारण घरातले होते. तिचा धाकटा भाऊ एसएस आहे, म्हणजे सिकलसेलचे जनुक त्याला आई आणि वडील अशा दोघांकडून मिळाले. तिला एकाकडूनच मिळाले. ती वाहक आहे, तिला त्रास नाही. भावाला लहानपणापासून वर्षातून काही वेळा हातापायांत आणि पाठीत दुखणे येते, आणि एकदा आले की तीन-चार दिवस दवाखान्यात जातात. ते केव्हा येईल हे आधी कळत नाही. तो कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे भांडार सांभाळतो. आठवडाभर आधी कळले तर पाळी बदलून घेता येईल, एवढीच त्याची अपेक्षा होती. बायकोला रक्तात अशी एखादी खूण शोधायची होती, जिच्यावर हे आधी कळण्याची आशा ठेवता येईल. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे ती खूण रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा ठळकपणे जास्त असल्याचे दाखवणे. चौथे प्रकरण त्याचे होते.

खूण कोणती, हे मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकले आहे की न अडखळता लिहू शकतो. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्या अमिनो आम्लांपैकी एक टायरोसिन. शरीरात दाह सुरू असला की नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे एक आक्रमक रूप यांची गाठ पडते आणि पेरॉक्सिनायट्राइट नावाचे संयुग तयार होते. ते सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात आसपासच्या प्रथिनांमधल्या टायरोसिनला नायट्रो गट चिकटण्याची सोय करून जाते. टायरोसिनचे नायट्रोटायरोसिन होते. पेरॉक्सिनायट्राइट पकडता येत नाही, नायट्रोटायरोसिन मोजता येते. कारण ते प्रथिन शरीरात मोडेपर्यंत नायट्रो गट बहुधा तसाच राहतो. अल्कधर्मी द्रावणात त्याचा रंग पिवळा दिसतो. प्रात्यक्षिकाच्या वेळी नायट्रिक आम्लाचा थेंब बोटावर पडला की कातडी पिवळी होते, साबणाने जात नाही आणि झडेपर्यंत तशीच राहते. कातडीतही पिवळे होते ते मुख्यतः टायरोसिनच. बायको विद्यार्थ्यांना हे सांगताना स्वतःचे बोट दाखवते, कारण तिच्या एका ना एका बोटावर तसा डाग बहुतेक असतोच.

मी मराठी दैनिकात उपसंपादक आहे. प्रबंध इंग्रजीत होता, पण रक्त देणाऱ्यांसाठी संमतिपत्र मराठीत लागणार होते. ते मी लिहून दिले. "आपल्या रक्तातील प्रथिनांवर किती नत्र बसले आहे, हे तपासले जाईल," असे त्यात एक वाक्य होते. नत्र हा शब्द मला बरोबर वाटला. बायकोने पहिली प्रत भावाला वाचायला दिली. रविवार होता, तो आमच्या सक्करदऱ्याच्या घरी जेवायला आला होता.

तो वाचता वाचता थांबला. "जिजाजी, हे तुमी लिवलं का?"

मी हो म्हणालो.

"नत्र, स्फुरद, पालाश. खताच्या बोरीवर असते तेच ना? माह्या रक्तात खत टाकलं कोणं?"

बायको म्हणाली, "अरे, नायट्रोजनला मराठीत नत्रच म्हणतात."

"म्हणत असन वं ताई. पण खेड्यातला माणूस हे वाचन तं काय म्हणन? डॉक्टर आपल्याले युरिया देऊन राहिले म्हणन." मग त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. सिकलसेलचे बरेच रुग्ण रोज घेतात ते हायड्रॉक्सीयुरिया. "आनं त्याचं चूक नाही. आमी रोज युरियाच खाऊन राहिलो."

मी वाक्य बदलले. "आपल्या रक्तातील प्रथिनांवर आजारामुळे पडणारा एक रासायनिक डाग मोजला जाईल," असे केले. भावाने त्यावर सही केली. सहीच्या खाली, नाते या रकान्यात, 'सख्खा भाऊ, दुसरा कोणी भेटला नाही म्हणून' असे लिहिले. ती प्रत बायकोला बाद करून नवी भरून घ्यावी लागली.

निरोगी माणसांचे रक्त आधी गोळा झाले, डिसेंबर-जानेवारीत. त्यात महाविद्यालयातले सहकारी, शेजारी आणि मी होतो. रुग्णांसाठीच्या परवानगीला वेळ लागला, त्यामुळे त्यांचे नमुने एप्रिल आणि मे महिन्यांत आले. प्रत्येक नमुन्यातली प्रथिने वेगळी काढायची, पाण्याने धुवायची, पाणी घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात दिवसभर तापवून त्यांचे तुकडे करायचे आणि मग यंत्रावर मोजायचे, अशी पद्धत होती. मे महिन्याच्या शेवटी आकडे हाती आले. रुग्ण आणि निरोगी असे दोन गट पूर्णपणे वेगळे होते. एकाही रुग्णाचा आकडा निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळत नव्हता. तिने रुग्णांची मोजणी दुसऱ्यांदा केली. तेच आले. तिच्या मार्गदर्शकांनी आलेख पाहून, "आता लिहायला बसा," एवढेच सांगितले. त्या दिवशी ती घरी येताना सीताबर्डीला उतरली आणि भावासाठी शर्ट घेऊन आली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सहज."

जूनमध्ये तिने चौथे प्रकरण मला दिले. मजकुरातले मला कळत नाही, पण शुद्धलेखन, क्रमांक, तक्ते आणि मजकूर यांचा मेळ मी पाहू शकतो. तक्त्यात नमुना क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, गट आणि आकडा असे रकाने होते. डेस्कवर तारीख नसलेला मजकूर आम्ही बातमीदाराला परत करतो. त्या सवयीने मी पेन्सिलीने समासात लिहिले: तारीख?

तिला ते आवडले नाही. "ही बातमी आहे का? कोणत्या दिवशी मोजलं याला काही अर्थ नसतो."

"मग टाकायला काय हरकत आहे?"

"एक रकाना वाढेल, तक्ता पानात बसणार नाही."

दोन दिवसांनी तिने प्रयोगशाळेची नोंदवही घरी आणली आणि रकाना भरायला घेतला. मी समोर वर्तमानपत्र वाचत होतो. थोड्या वेळाने तिने पेन खाली ठेवले. मी विचारले, झाले का. ती म्हणाली, "सगळे निरोगी हिवाळ्यात आहेत. सगळे रुग्ण उन्हाळ्यात आहेत."

हे तिला आधीही माहीत होते. पण एका रकान्याखाली ते सलग लिहिलेले तिने पहिल्यांदा पाहिले. दोन गटांत आजाराचा फरक होता, तसाच ऋतूचाही होता. आकड्यांमधला फरक यांपैकी कशाचा, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नव्हते. त्यानंतर तिने एकही शब्द पुढे लिहिला नाही. वर्षअखेर तिची नोंदणी संपत होती.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या परिचरांना विचारले, उन्हाळ्यात काय काय बदलले. सगळे त्यांना काका म्हणत; ते तिथे तीस वर्षांपासून होते आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. काचेची भांडी धुणे, पाणी भरणे आणि कुलूप-किल्ल्या ही त्यांची कामे. हे बोलणे तिने घरी जसेच्या तसे सांगितले.

काका म्हणाले, "काही नाही बदललं मॅडम. ऊन बदललं."

"रसायनं तीच होती?"

"तीच."

"भांडी?"

"तीच. एक पाण्याची मशीन तेवढी जळली होती."

"कोणती मशीन?"

"डिस्टिलची. मार्चमधे कॉइल गेली तिची. मागणीपत्र लिवलं, साहेबाची सही झाली, कॉइल अजून यायची हाय."

"मग दोन महिने डब्यात पाणी कुठलं होतं?"

"एसीचं."

यंत्राच्या खोलीतला एसी उन्हाळ्यात दिवसभर चालतो. त्याची नळी खिडकीतून बाहेर येते. काकांनी तिच्याखाली डबा ठेवला होता, तो भरला की त्यातले पाणी 'डीडब्ल्यू' लिहिलेल्या डब्यात ओतत होते. डीडब्ल्यू म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ऊर्ध्वपातित पाणी.

"काका, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"त्यात सांगाचं काय हाय मॅडम? वाफेचंच पाणी हाय ते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी हेच टाकतो. सहा वर्सं झाले, बॅटरी अजून चालून राहिली."

 आमच्या गॅलरीतही एसीच्या नळीखाली पाच लिटरची बाटली असते. ते पाणी इन्व्हर्टरमध्ये जाते, इस्त्रीत जाते. बाटली भरली की बायकोच उचलून आत आणते. नागपुरात ज्याच्याकडे एसी आणि इन्व्हर्टर दोन्ही आहेत, त्याला डिस्टिल्ड वॉटर विकत आणणे हा वेडेपणा वाटतो.

तिने तीन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत दुकानातून आणलेले बाटलीबंद ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत डब्यातले, तिसरीत घरून नेलेले आमच्या एसीचे. नायट्राइट असेल तर गुलाबी होणारे एक द्रावण असते, त्याचे थेंब तिन्हींत टाकले. पहिली नळी तशीच राहिली. तिसरी जेमतेम रंगली. डब्यातल्या पाण्याची नळी गुलाबी झाली. नायट्राइट तिथे कुठून आले, याचे एकच उत्तर तिच्याकडे नाही. खिडकीखाली वाहनतळ आहे आणि भारनियमनात चालणारा जनरेटर आहे, त्यांच्या धुरातून आले असेल. एसीच्या ट्रेमध्ये आणि डब्यात वाढलेल्या जिवाणूंनी केले असेल. तिने प्रबंधात दोन्ही शक्यता लिहिल्या आणि पुढे 'तपासले नाही' असे लिहिले.

नायट्राइट आणि आम्ल एकत्र आले, वर तापवले, की टायरोसिनला नायट्रो गट लागतो. त्यासाठी आजार लागत नाही, शरीरही लागत नाही. ती जो डाग शोधत होती, तो तिच्याच काचेच्या नळीत पडत होता. असे होऊ शकते हे तिला माहीत होते. या पद्धतीतला हा जुना धोका आहे आणि म्हणूनच पाणी शुद्ध हवे, असे तिनेच आपल्या प्रकरणात लिहिले होते. तिने कोरा नमुनाही चालवला होता, म्हणजे रक्ताऐवजी नुसते पाणी घेऊन तेच सगळे सोपस्कार. तो स्वच्छ आला होता. पण पाण्यात टायरोसिनच नव्हते. डाग पडायला त्यात काही नव्हते, म्हणून तो पडला नाही आणि तिने पाण्याला निर्दोष ठरवले. ही चूक काकांची नव्हती, तिची होती, असे तिने मला त्या दिवशी दोनदा सांगितले.

मार्गदर्शकांना तिने सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एक काम दिले. निरोगी माणसांच्या रक्ताचे उरलेले भाग फ्रीजरमध्ये होते, ते काढायचे आणि डब्यातल्या पाण्याने पुन्हा करायचे. तिने केले. निरोगी माणसे रुग्णांच्या गटात जाऊन बसली. मीही त्यांत होतो. कागदावर माझी प्रकृती तिच्या भावापेक्षा वाईट निघाली.

हे तिने त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "जिजाजीले सांग, रजा घ्याची असन तं मी कारखान्यातून सर्टिफिकेट आणून देतो."

मग मार्गदर्शकांनी सुचवले, की चौथे प्रकरण काढून टाका, उरलेल्या तीन प्रकरणांवर प्रबंध उभा राहतो, नोंदणीच्या मुदतीत सादर होतो. हे त्यांनी तिच्या भल्यासाठी सांगितले होते आणि ते नियमात बसत होते. तिने दोन दिवस मागितले.  तिसऱ्या दिवशी तिने मुदतवाढीचा अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात मार्गदर्शकांनी 'उपकरणातील बिघाड' सुचवले होते. तिने 'वापरलेल्या पाण्याची तपासणी संशोधकाकडून झाली नव्हती' असे लिहिले. सहा महिने मिळाले.

काकांना अर्जाची बातमी लागली होती. त्यांनी तिला जिन्यात गाठले. "मॅडम, माह्यं नाव लिवलं का हो त्यात?"

"नाही काका. माझंच लिहिलं."

"आनं पुस्तकात?"

"पुस्तकात शेवटी आभार असतात. त्यात तुमचं लिहिणार आहे."

काकांनी विचार केला. "आभारात लिवा. पाण्याच्या पानावर नका लिवू."

रुग्णांचे रक्त दुहेरी मोजणीत संपले होते. नवे घ्यायचे तर महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी पुन्हा, संमतिपत्रे पुन्हा, आणि प्रत्येकाला बोलावून पहिल्यांदा काय चुकले ते सांगणे. तिने हे एकेकाला स्वतः सांगितले. काही जण आले नाहीत. एक बाई म्हणाल्या, आमच्या रक्ताला दोष नव्हता ना, मग घ्या. भाऊ ऑक्टोबरात आला, कळमेश्वरहून सकाळच्या बसने. खुर्चीत बसून बाही वर करताना म्हणाला, "ताई, पहिलं रक्त काय केलं? बॅटरीत टाकलं का?"

या वेळी आम्ल नव्हते. प्रथिनांचे तुकडे एन्झाइमने केले, उदासीन द्रावणात. तिथे नायट्राइट असले तरी असा डाग पडत नाही. पाणी बाटलीबंद होते आणि प्रत्येक नवी बाटली ती आधी गुलाबी द्रावणाने तपासत होती. कोऱ्या नमुन्यात तिने शुद्ध टायरोसिन घातले होते. एका दिवशी जितके रुग्ण, तितकेच निरोगी, असा क्रम ठेवला. ती स्वतः वाहक, म्हणून स्वतःचे रक्त तिने दोन्ही गटांबाहेर ठेवून वेगळे मोजले. तक्त्यात तारखांचा रकाना पहिला होता.

जानेवारीत आकडे आले. सगळेच आकडे उन्हाळ्यापेक्षा फार खाली होते. रुग्णांचा गट निरोगी माणसांपेक्षा किंचित वर होता, पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळले होते की एखादा आकडा पाहून तो कोणाचा हे ओळखता येत नव्हते. अशा खुणेवरून कोणाचे दुखणे आधी कळणार नाही. तिने तसे लिहिले. चौथे प्रकरण दोन भागांचे झाले: पहिल्यात डाग नळीत कसा पडला ते, आणि दुसऱ्यात शरीरात पडलेला डाग किती थोडा आहे ते. मी ते वाचले. क्रमांकांची एक चूक सापडली, ती दुरुस्त केली.

प्रबंध सादर केल्यानंतरच्या रविवारी भाऊ आला. मधल्या काळात त्याला एकदा दुखणे येऊन गेले होते, चार दिवस तो दवाखान्यात होता. बांधलेली एक प्रत टेबलावर होती. त्याने ती हातात घेतली, मागून पुढे चाळली आणि तक्त्यापाशी थांबला.

"यात मी कोणता?"

नावे नसतात, क्रमांक असतात. तिने बोट ठेवून दाखवले.

"हा आकडा जास्त हाय का कमी?"

"साधारण आहे."

"साधारण म्हंजे कोणासारखा?"

"माझ्यासारखा. माझाही जवळजवळ तेवढाच आहे."

"तुले तं काही दुखत नाई."

"नाही."

"मंग मले काहून दुखते?"

बायकोने तक्त्यावरचे बोट उचलले. मग म्हणाली, "यावरून नाही कळत. दुसरं काही तरी मोजावं लागेल. काय, ते मला अजून माहीत नाही."

त्याने प्रत मिटली आणि जिथून उचलली होती तिथे ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर मला काही वेगळे दिसले नाही. त्याने ताट पुढे ओढले, भात कालवला, दोन घास खाल्ले.

"शनिवारी माही सुटी असते," तो म्हणाला. "मोजाचं असन तं शनिवारी बोलाव. पण उपाशीपोटी नको बोलावू वं, मागच्या खेपेले बसमधे चक्कर येऊन राहिली होती."